कर्नलमधला कमीजास्त लांबीचा बफर: आकार कोणत्या ओळीवर कळतो?

युजरस्पेसमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रॅममध्ये, लांबी माहीत नसलेला डेटा आला की आपण डायनॅमिक अ‍ॅरे घेतो. तो भरला की दुप्पट होतो. मेमरी संपलीच तर आपली प्रोसेस मरते, मशीन चालू राहतं. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ही सोय नाही. बफर (डेटा ठेवायची जागा) वाढवायची वेळ येते तेव्हा बरेचदा हातात स्पिनलॉक (जो धरून झोपता येत नाही असा लॉक) असतो किंवा आपण इंटरप्टच्या (हार्डवेअरच्या हाकेला उत्तर देणाऱ्या कोडच्या) आत असतो, आणि तिथे मेमरीसाठी वाट बघत थांबता येत नाही. म्हणून 'बफर किती मोठा घेऊ?' हा प्रश्न मी नेहमी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. आकार कोडच्या नेमक्या कोणत्या ओळीवर कळतो आणि त्या ओळीवर झोपायची, म्हणजे मेमरी मिळेपर्यंत थांबायची, मुभा आहे का, हे आधी शोधायचं. ते कळलं की कोणतं फंक्शन वापरायचं याचा अर्धा निर्णय होऊन जातो.

पुढचं सगळं लिनक्सबद्दल आहे, ६४ बिट एक्स८६ आणि ४ केबीची पेजेस (मेमरीचे ठरावीक तुकडे) धरून. फ्रीबीएसडीचे एमबफ (तिथले नेटवर्क बफर) हाही मजेदार विषय आहे, पण त्यात शिरलो तर हा लेख आटोपायचा नाही.

स्टॅकवर नकोच

कर्नलचा स्टॅक (फंक्शन्सच्या लोकल व्हेरिएबल्सची जागा) १६ केबीचा असतो. २०१४ मध्ये आलेल्या लिनक्स ३.१५ च्या आधी तो ८ केबीच होता. सिस्टिम कॉल, फाइलसिस्टिम, ब्लॉक लेअर आणि खालचा ड्रायव्हर हे सगळे त्याच १६ केबीत एकावर एक बसतात. एका फंक्शनची फ्रेम (स्टॅकवरचा त्याचा वाटा) २०४८ बाइट्सच्या वर गेली की ६४ बिटवर कंपायलर बोंब मारतो, तेही याच कारणासाठी.

सी९९ मधला रनटाइमला लांबी ठरणारा अ‍ॅरे, म्हणजे व्हीएलए, इथे खास धोक्याचा. त्याची लांबी कंपायलरला आधी माहीत नसते, त्यामुळे फ्रेमच्या आकाराची ती सूचना त्याला नीट लागू होत नाही. लांबी युजरकडून आली असेल तर स्टॅक कुठवर खाली जाईल हे युजर ठरवतो. ४.९ पासून स्टॅक व्हीमॅलॉकच्या (विखुरलेल्या पेजेसच्या) मेमरीत ठेवायची आणि त्याच्या कडेला गार्ड पेज (हात लागला की चूक पकडणारं रिकामं पेज) लावायची सोय आहे, पण मोठा व्हीएलए त्या पेजवरून उडी मारून पलीकडे जाऊ शकतो. २०१८ मध्ये कर्नलमधले सगळे व्हीएलए शोधून काढले गेले आणि ४.२० पासून त्यांच्याविरुद्धची कंपायलर सूचना कायमची चालू झाली. तरीही आउट-ऑफ-ट्री (मुख्य कर्नलबाहेरच्या) ड्रायव्हर्समध्ये ते अजून दिसतात. शंभर-सव्वाशे बाइट्सपर्यंत ठरावीक लांबीचा अ‍ॅरे स्टॅकवर चालेल. त्याहून मोठ्याला हीप, म्हणजे मागून घेतलेली मेमरी. आणि स्टॅकवरचा बफर डीएमएला (हार्डवेअरने थेट मेमरी वाचण्या-लिहिण्याला) कधीच देऊ नये. स्टॅक व्हीमॅलॉकवर असेल तर त्याचा फिजिकल पत्ता नेहमीच्या बेरीज-वजाबाकीने निघतच नाही.

आकार आधी कळतो तेव्हा

हा सगळ्यांत सोपा प्रकार. आयऑक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेली आज्ञा) येतो, हेडरमध्ये लांबी असते, प्रोसेसच्या कॉन्टेक्स्टमध्ये असल्यामुळे झोपताही येतं. एकच केमॅलॉक (मेमरी घेणं), एकच केफ्री (परत करणं). तरी यात तीन-चार खड्डे आहेत.

पहिला मापांचा. केमॅलॉकमधली मेमरी रेडीमेड शर्टांसारखी ठरावीक मापांतच मिळते: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, ५१२ बाइट्स, मग १, २, ४ आणि ८ केबी. मधलं काही मागितलं की वरचं माप हातात येतं. १६ बाइट्सचं हेडर आणि १०२४ बाइट्सचा डेटा असं 'गोल' डिझाइन केलं की बेरीज होते १०४०, मिळतात २०४८, आणि प्रत्येक बफरमागे १००८ बाइट्स वाया. डेटा १००८ वर आणला की तोच बफर १ केबीत बसतो. असे लाखभर बफर जिवंत असले तर फरक जवळपास १०० एमबीचा. दोनच्या घातांत न बसणारी ९६ आणि १९२ ही मापं मुद्दाम ठेवली आहेत ती अशाच मधल्या आकारांसाठी.

८ केबीच्या वर मागणी थेट पेज अ‍ॅलोकेटरकडे जाते. तिथे हिशेब आणखी ढोबळ, कारण बडी पद्धतीत पेजेस १, २, ४, ८ अशाच गठ्ठ्यांनी मिळतात. ३३ केबी मागा, ६४ केबी जातात. सलग पेजेस खरोखरच हवी असतील तर अ‍ॅलॉक_पेजेस_एक्झॅक्ट वापरा. ते मोठा गठ्ठा घेऊन शेपटीकडची उरलेली पेजेस लगेच परत करतं. हे फंक्शन फारसं कोणी वापरताना दिसत नाही, याचं मला नवल वाटतं.

मापातली उरलेली जागा वापरायचा मोह होतो. पूर्वी लोक आधी मेमरी घ्यायचे, मग केसाइझने खरं माप विचारायचे आणि तेवढं सगळं वापरायचे. आता हे करू नये. कंपायलरला तुम्ही मागितलेला आकार माहीत असतो आणि फोर्टिफाय (सीमा तपासणारा कर्नलचा पर्याय) त्याच आकारावर पहारा ठेवतो. त्यापुढे लिहिलं की तो ओरडतो, आणि त्याचं बरोबरच असतं. ६.१ मध्ये यासाठी केमॅलॉक_साइझ_राउंडअप आलं. आधी ते विचारा, जे उत्तर येईल तेवढंच मागा, मग सगळी जागा राजरोस तुमची.

दुसरा खड्डा गुणाकाराचा. स्ट्रक्टच्या शेवटी लांबी न लिहिलेला, म्हणजे फ्लेक्सिबल अ‍ॅरे ठेवणं ही कमीजास्त लांबीसाठी सर्वांत स्वस्त रचना: हेडर आणि डेटा एकाच तुकड्यात, एकच पॉइंटर, एकच केफ्री, आणि सहसा सलग कॅशलाइन्स. पण आकार हाताने 'हेडर अधिक संख्या गुणिले घटक' असा काढला की घात होतो. ३२ बिटांच्या गणितात २६,८४,३५,४५७ घटक गुणिले १६ बाइट्स याचं उत्तर १६ येतं. केमॅलॉक आनंदाने १६ बाइट्स देतो आणि पुढचं लूप २६ कोटी घटक लिहायला निघतं. ४.१८ पासून असलेलं स्ट्रक्ट_साइझ हेच गणित अडकवून करतं: ओव्हरफ्लो झाला तर उत्तर साइझ_टीची (आकार मोजायच्या टाइपची) कमाल किंमत येतं, एवढी मेमरी कुणीच देत नाही, आणि तुम्हाला नल (रिकामा पॉइंटर) मिळतं. नल तपासायची सवय असली की काम झालं.

६.६ पासून फ्लेक्सिबल अ‍ॅरेवर काउंटेड_बाय हे लेबल लावता येतं. कोणता सदस्य अ‍ॅरेची लांबी सांगतो ते कंपायलरला कळतं, आणि सीमा ओलांडली की तपासणी पकडते. इथे क्रम पाळावा लागतो: मेमरी मिळाली की आधी संख्या भरा, मगच अ‍ॅरेला हात लावा. केझॅलॉकनंतर (ते मेमरी शून्यांनी भरून देतं) संख्या शून्य असते. आधी डेटा कॉपी केला तर शून्य घटकांच्या अ‍ॅरेत लिहिल्याची तक्रार येते आणि लोक लेबललाच शिव्या घालतात.

अजून एक बारीक गोष्ट. स्ट्रक्टमध्ये एक ८ बाइट्सचा आकडा, मग १ बाइटचा फ्लॅग, आणि मग बाइट्सचा फ्लेक्सिबल अ‍ॅरे असेल तर अ‍ॅरे नवव्या ऑफसेटला सुरू होतो, पण साइझऑफ सांगतो १६. म्हणजे स्ट्रक्ट_साइझमध्ये ७ बाइट्स जास्तीचे येतात. मेमरी म्हणून त्याने काही बिघडत नाही. मात्र तोच आकार युजरकडे कॉपी करायला वापरला तर शेवटचे ७ बाइट्स कोणीच भरलेले नसतात, आणि त्या जागेत आधी जे काही पडलेलं होतं ते बाहेर जातं. बाहेर पाठवायची लांबी वेगळी मोजा, किंवा केझॅलॉक वापरा.

तिसरा खड्डा दोनदा वाचण्याचा. कोड असा असतो: युजरकडून हेडर कॉपी केलं, त्यातली लांबी तपासली, तेवढी मेमरी घेतली, आणि मग हेडरसकट सगळं पुन्हा पहिल्या बाइटपासून कॉपी केलं. या दोन कॉपींच्या मध्ये दुसरा थ्रेड लांबीचा आकडा बदलू शकतो. आता बफर जुन्या लांबीचा आणि आतला आकडा नवा. दुसऱ्यांदा फक्त हेडरनंतरचा भाग आणा; ते जमत नसेल तर कॉपी झाल्यावर तपासलेली लांबी पुन्हा जागेवर लिहा. नुसता सपाट डेटा असेल तर मेमरी घेऊन कॉपी करणारं मेमडप_युजर आहेच, आणि मोठ्या लांबीसाठी व्हीमेमडप_युजर.

मोठ्या लांबीचं गणित मात्र थोडं वेगळं. जीएफपी_कर्नलने (झोपायची मुभा देणाऱ्या फ्लॅगने) मागितलेली ३२ केबीपर्यंतची मेमरी सहसा नाकारली जात नाही. कर्नल इतरांकडची मेमरी मोकळी करत राहतो, वेळ पडली तर ओओएम किलरही (एखादी प्रोसेस मारून मेमरी मिळवणारा) सोडतो. ३२ केबीच्या वर तो लवकर हात टेकतो, कारण मेमरी मोकळी असली तरी सलग नसते. बूटनंतर तासाभरात चालणारी १२८ केबीची मागणी महिनाभर चाललेल्या सर्व्हरवर फसते ती यामुळे. ४.१२ पासूनचं केव्हीमॅलॉक याच दुखण्यावर आहे: आधी फार खटपट न करता केमॅलॉक करून बघतं, नाही जमलं तर व्हीमॅलॉककडे वळतं. तिथे पेजेस विखुरलेली असतात, फक्त व्हर्च्युअल पत्ते सलग. याची किंमत म्हणजे पेज टेबलं भरणं, टीएलबीवर (पत्त्यांच्या भाषांतराच्या कॅशवर) जास्त ताण, आणि डीएमएला सरळ न चालणारा पत्ता. एका पेजपेक्षा लहान मागणीला व्हीमॅलॉककडे वळण्यात अर्थ नसल्यामुळे ते वळतही नाही. परत करताना केव्हीफ्रीच वापरायचं. साधं केफ्री लिहिलं तरी कोड महिनोन्‌महिने चालतो, आणि ज्या दिवशी मेमरीचे तुकडे झालेले असतात नेमका त्या दिवशी कोसळतो.

काही बफर मागून नाही, पुढून वाढतात. नेटवर्कचं पॅकेट वरून खाली येताना टीसीपी, आयपी, इथरनेट असे सगळे हेडर्स पुढे जोडत जातात. एसकेबफमध्ये (पॅकेट ठेवणाऱ्या रचनेत) म्हणूनच हेड, डेटा, टेल आणि एंड असे चार पॉइंटर असतात. सुरुवातीलाच एसकेबी_रिझर्व्हने पुढे मोकळी जागा ठेवतात आणि प्रत्येक थर एसकेबी_पुशने डेटा पॉइंटर मागे सरकवतो. एकही बाइट हलवावा लागत नाही. पुढे जागा नसताना पुश केलं तर कर्नल सरळ पॅनिकच्या वाटेला जातो, त्यामुळे टनेलसारखं जास्तीचं हेडर लावणाऱ्याने आधी एसकेबी_काऊ_हेड बोलावून जागा आहे की नाही ते बघावं. आपल्या ड्रायव्हरमध्येही हेडर नंतर लागणार असेल तर ही कल्पना बिनधास्त उचला.

आकार छापून झाल्यावरच कळतो तेव्हा

/प्रोक मधली (वाचताना कर्नल जागेवर तयार करतो ती) फाइल घ्या. मजकूर किती होईल हे छापल्याशिवाय सांगता येत नाही. लिनक्समध्ये हे काम सेक-फाइल करतं आणि त्याची पद्धत अगदी रांगडी आहे: एक पेजचा बफर घ्यायचा, शो फंक्शनला त्यात छापू द्यायचं, मावलं नाही तर बफर फेकून द्यायचा, दुप्पट घ्यायचा आणि शो पुन्हा पहिल्यापासून बोलवायचं. जुना मजकूर कॉपी होत नाही, तो नव्याने छापला जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तुमचं शो फंक्शन एका वाचनात अनेकदा चालू शकतं. वाचल्यावर काउंटर शून्य करायचा, असलं काही त्यात ठेवलं तर पहिल्या फेरीत शून्य होतो, तो मजकूर फेकला जातो, आणि युजरला दुसऱ्या फेरीतलं शून्य दिसतं. छोट्या मशीनवर हा बग दिसणारच नाही, कारण तिथे सगळं ४ केबीत मावतं. दोन, सिंगल_ओपनने (सगळा मजकूर एकाच शोमध्ये छापायची पद्धत) ६० केबी छापायचे असतील तर शो ४, ८, १६, ३२ आणि ६४ केबीच्या बफरसाठी पाचदा चालतं, आणि एकूण १२० केबी मजकूर तयार होतो. यावर उतारा म्हणजे स्टार्ट-नेक्स्ट-शो-स्टॉप वापरून मजकूर नोंदींमध्ये तोडणे. मग बफरमध्ये एकच नोंद मावली तरी पुरतं. तोडता येत नसेल तर सिंगल_ओपन_साइझला अंदाज द्या. /प्रोक/स्टॅट हेच करतं: १०२४ बाइट्स, अधिक प्रत्येक सीपीयूमागे १२८, अधिक प्रत्येक इंटरप्टमागे २. अंदाज चुकला तरी दुप्पट करणं मागे उभंच असतं.

या दुपटीने एकदा चांगलाच हिसका दाखवला आहे. मोठ्या मशीन्सवर /प्रोक/स्टॅटला ६४ केबीचा सलग तुकडा लागायचा आणि मेमरीचे तुकडे झालेले असले की वाचन फसायचं. २०१४ मध्ये, ३.१६ साठी, सेक-फाइलला केमॅलॉक फसला तर व्हीमॅलॉककडे जायला शिकवलं गेलं. बदल छोटा, हेतू रास्त. पण केमॅलॉकची कमाल ४ एमबी होती, आणि दुप्पट होत जाणाऱ्या बफरवरची तीच एकमेव मर्यादा होती. ती कोणी लिहिलेली नव्हती, आपसूक होती. ती गेल्यावर बफर मेमरी असेल तिथवर वाढायला मोकळा झाला.

सेक-फाइलमध्ये आकार साइझ_टीमध्ये असतो. डिरेक्टरीचा पाथ छापणारं आतलं फंक्शन मात्र लांबी साध्या इंटमध्ये (३२ बिटांच्या, उणे-अधिक चिन्ह असलेल्या आकड्यात) घ्यायचं. २०२१ च्या जुलैमध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने दाखवलं की सुमारे दहा लाख डिरेक्टऱ्या एकात एक तयार करून पाथ १ जीबीच्या वर नेला, तो युजर नेमस्पेसमध्ये (साध्या युजरला माउंट करू देणाऱ्या कप्प्यात) बाइंड माउंट केला, म्हणजे दुसऱ्या जागीही जोडला, डिरेक्टरी पुसली आणि /प्रोक/सेल्फ/माउंटइन्फो (माउंटची यादी) वाचलं, तर बफर दुप्पट होत होत २ जीबीला पोचतो. २ जीबी इंटमध्ये गेलं की उणे २ जीबी होतं. पाथ शेवटाकडून मागे लिहिला जातो, म्हणून कोड 'बफर अधिक लांबी' इथून सुरुवात करायचा, आणि ती जागा आता बफरच्या २ जीबी आधी होती. पुरेशी जागा आहे का ही तपासणीही होती. पण उणे २ जीबीतून आणखी १० वजा केले की इंट पलटून मोठा धन आकडा होतो, आणि तपासणी पास. मग 'डिलीटेड' हा शिक्का शेवटच्या शून्यासह १० बाइट्समध्ये भलत्याच जागी उमटायचा. एवढ्यावर त्यांनी साध्या युजरचा रूट (सर्वाधिकारी युजर) करून दाखवला. सुरक्षा-त्रुटींच्या यादीत हा सीव्हीई-२०२१-३३९०९, नाव सेक्वोया. सात वर्षं तो कोणाला दिसला नव्हता.

दुरुस्ती एका अटीची होती: २ जीबीपेक्षा एक पेज कमी, एवढ्याहून मोठा बफर सेक-फाइल मागणारच नाही. त्यानंतर ५.१५ मध्ये केव्हीमॅलॉकवरही इंटच्या कमाल किमतीएवढी मर्यादा आली. माझ्या मते दुसरा बदल जास्त महत्त्वाचा, कारण लांबी इंटमध्ये घेणारी फंक्शन्स कर्नलभर पसरली आहेत आणि ती सगळी शोधत बसणं कोणाच्याच आवाक्यातलं नाही. आपल्या कोडमध्ये दुप्पट करणारं लूप लिहिलं की कमाल मर्यादा त्याच लूपमध्ये, आकड्यात लिहा. अ‍ॅलोकेटर कुठेतरी नाही म्हणेल यावर विसंबू नका. उद्या तो हो म्हणायला लागेल.

आकार कळतो, पण थांबायला वेळ नसतो तेव्हा

इंटरप्टमधून, ट्रेसपॉइंटमधून (कर्नलमधल्या निरीक्षणाच्या जागांतून), शेड्युलरच्या आतून कमीजास्त लांबीच्या नोंदी येतात. जीएफपी_अ‍ॅटॉमिकने न झोपता दर नोंदीला मेमरी घेता येते, पण ती ज्या राखीव साठ्यातून येते तो सगळ्यांचा सामाईक असतो, आणि गर्दी वाढली की आधी तोच आटतो. इथे उत्तर एकच: रिंग बफर, म्हणजे टोकाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून भरणारा. सगळी मेमरी सुरुवातीला घ्यायची, भरली की नोंद टाकून द्यायची आणि किती टाकल्या ते मोजायचं.

ठरावीक आकाराच्या नोंदींची रिंग सोपी असते. केफिफोमध्ये (कर्नलमधली तयार रिंग) आकार दोनच्या घातात, आत-बाहेरचे दोन अनसाइन्ड काउंटर्स न थांबता वाढत जातात, त्यांची वजाबाकी म्हणजे भरलेला भाग. काउंटर पलटले तरी वजाबाकी बरोबरच येते. एक लिहिणारा आणि एक वाचणारा असेल तर लॉकही लागत नाही. नोंदी लहानमोठ्या असतील तर केफिफो प्रत्येकीच्या आधी १ किंवा २ बाइट्सची लांबी ठेवतं, म्हणजे नोंद कमाल २५५ किंवा ६५,५३५ बाइट्सची. पुष्कळ ड्रायव्हर्सना एवढं पुरतं.

त्याच्या वर गेलं की दोन प्रश्न उभे राहतात. नोंद रिंगच्या टोकाला मावली नाही तर काय? आणि लिहिणारा अर्धवट असताना वाचणाऱ्याला कसं कळावं?

पहिल्यावर कर्नलमध्येच वेगवेगळी उत्तरं आहेत. ५.१० पासूनचा प्रिंटकेचा (कर्नलच्या लॉगचा) लॉकलेस बफर टोकाला फक्त नोंदीची ओळख ठेवतो आणि सगळा मजकूर सुरुवातीला नेतो. टोकाची जागा वाया. एफट्रेस (कर्नलचा ट्रेसर) दर सीपीयूला वेगळी पेजेस ठेवतो, नोंद पेजची सीमा ओलांडत नाही, उरलेला भाग पॅडिंग. एफट्रेसचं हेडर बघण्यासारखं आहे: ३२ बिटांत २७ बिट वेळेचा फरक आणि ५ बिट लांबी. ५ बिटांत ३१ पर्यंतच आकडे, पण लांबी ४ बाइट्सच्या पटीत मोजतात आणि १ ते २८ एवढ्याच किमती लांबीसाठी वापरतात, म्हणून ११२ बाइट्सपर्यंतच्या नोंदीला लांबीचा वेगळा शब्द लागत नाही. शून्य असेल तर पुढचा शब्द बघायचा. २९ ते ३१ पॅडिंग आणि वेळेच्या नोंदींसाठी. बहुतेक नोंदी लहान असतात, हे ओळखून केलेली ही काटकसर मला फार आवडते.

५.८ मध्ये आलेल्या बीपीएफ रिंगबफने (कर्नलमध्ये चालणाऱ्या छोट्या बीपीएफ प्रोग्रॅम्सच्या रिंगने) तर प्रश्नच मोडीत काढला. डेटाची तीच पेजेस व्हर्च्युअल पत्त्यांत दोनदा, एकापुढे एक मॅप केलेली असतात. टोकावरून पुढे लिहिलं की ते आपोआप सुरुवातीच्या पेजमध्ये पडतं. नोंद कधीच तुटलेली दिसत नाही, कॉपी करणाऱ्याला दोन तुकडे सांभाळावे लागत नाहीत. किंमत फक्त व्हर्च्युअल पत्त्यांची, आणि ६४ बिटवर त्यांचा तोटा नाही. अट एवढीच की आकार दोनच्या घातात आणि पेजच्या पटीत हवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आधी जागा राखायची, भरायची, मग पक्की करायची. बीपीएफ रिंगबफमध्ये प्रत्येक नोंदीआधी ८ बाइट्सचं हेडर असतं. त्यात पेज ऑफसेट आणि ३२ बिटांची लांबी, तिच्या सर्वांत वरच्या बिटाचा अर्थ 'काम चालू', त्याखालच्याचा 'टाकून दिली'. जागा राखताना छोटा लॉक धरून पहिला बिट लावतात आणि पुढचा काउंटर सरकवतात; भरणं लॉकबाहेर. पक्की करताना एकाच अ‍ॅटॉमिक अदलाबदलीत तो बिट उतरतो. वाचणारा हेडर अ‍ॅक्वायर पद्धतीने (नोंदीच्या आधी हेडर, हा क्रम पक्का राहील असं) वाचतो, बिट दिसला की तिथेच थांबतो. याचा तोटा उघड आहे: एकाने जागा राखून वेळ लावला तर त्याच्यामागे तयार झालेल्या सगळ्या नोंदी अडकतात. म्हणून राखणं आणि पक्कं करणं यांच्या मध्ये झोपणारं काहीही नको. एनएमआयमध्ये (अडवता न येणाऱ्या इंटरप्टमध्ये) लॉक मिळाला नाही तर नल येतं, तेही गृहीत धरा.

आकार ठरवताना वेग, वाचणाऱ्याचा सर्वांत वाईट उशीर आणि हेडरसकट नोंद यांचा गुणाकार करा. सेकंदाला २०,००० नोंदी, सरासरी १०० बाइट्स; ८ चं हेडर मिळवून आणि ८ च्या पटीत वर नेऊन ११२. वाचणारा २०० मिलिसेकंद अडकू शकत असेल तर ४,००० नोंदी, म्हणजे ४,४८,००० बाइट्स. दोनच्या घातात ५१२ केबी. ८ बाइट्सचा डेटा असलेल्या नोंदींना मात्र हेडरमुळे दुप्पट जागा लागते, हे विसरू नका.

जागा आहे की नाही, हा हिशेब कोणाच्या आकड्यावर चालतो तेही तपासा. बीपीएफ रिंगबफमध्ये वाचणाऱ्याचा काउंटर युजरस्पेसला लिहिता येतो, कारण तिथून वाचन होतं. १६,३८४ बाइट्सची रिंग, आणि युजरने काहीही न वाचता काउंटर १२,२८८ वर ठेवला असं धरा. पहिली नोंद 'क' १२,२८८ बाइट्सची: हेडर धरून ० ते १२,२९६. दुसरी 'ख' तेवढीच: १२,२९६ ते २४,५९२. तपासणी म्हणते २४,५९२ वजा १२,२८८ म्हणजे १२,३०४, रिंगपेक्षा कमी, चालेल. पण १६,३८४ वा बाइट म्हणजे दुहेरी मॅपिंगमुळे शून्यावा बाइट. 'ख'मध्ये लिहिणारा प्रोग्रॅम 'क'चं हेडर बदलू शकतो, आणि पक्कं करताना कर्नल त्याच हेडरमधल्या पेज ऑफसेटवरून रिंग शोधतो. हा सीव्हीई-२०२४-४१००९. दुरुस्तीत कर्नलने सर्वांत जुन्या, अजून पक्की न झालेल्या नोंदीची जागा स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली. तिथपासूनचं अंतर रिंगच्या आकाराबाहेर गेलं की नकार.

तपासायचं कसं

केव्हीमॅलॉकची व्हीमॅलॉकवाली वाट आपल्या टेबलावरच्या मशीनवर सहसा चालतच नाही. ती मुद्दाम चालवता येते. कर्नल फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम चुका घडवायची सोय), फेल पेज अ‍ॅलॉक आणि त्यांचा डीबगएफएस चालू करून बांधा. /सिस/कर्नल/डीबग/फेल_पेज_अ‍ॅलॉक मध्ये प्रोबॅबिलिटी १०० करा. टाइम्स मुळात १ असतो, म्हणजे एकदाच फसवून गप्प बसतो. तो उणे १ करा. टास्क-फिल्टर चालू करा आणि फक्त आपल्या टेस्टच्या प्रोसेसच्या /प्रोकमधल्या मेक-इट-फेल फाइलमध्ये १ लिहा, नाहीतर सगळं मशीन आडवं होईल. इग्नोर-जीएफपी-वेट मुळात 'वाय' असतो, आणि त्यामुळे झोपू शकणाऱ्या मागण्यांना धक्काच लागत नाही. तो 'एन' करा. मिन-ऑर्डर १ वरच राहू द्या: सलग पेजेसच्या मागण्या फसतात, व्हीमॅलॉकची सुटी पेजेस मिळत राहतात. आता मोठं केव्हीमॅलॉक दर वेळी व्हीमॅलॉकवर उतरेल, आणि कुठे केव्हीफ्रीऐवजी केफ्री लिहिलं असेल किंवा तो पत्ता डीएमएकडे दिला असेल, तर स्टॅक ट्रेसमध्ये फंक्शनच्या नावासकट दिसेल.